एकतिसाव्या वर्षीचं बारसं

प्रथमेश कबाडेला आपल्याला नाव आहे हे वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. कळलं त्या क्षणी तो खुर्चीवरून असा ताडकन उठला, की टेबलावरचा चहा सगळा त्याच्या बहिणीच्या, वृषालीच्या मांडीवर सांडला. तिला चटका बसला तो मात्र जाणवला परतीच्या रिक्षात.

पण तिथवर पोचण्याआधीचं थोडं सांगायला हवं.

कबाड्यांचे इचलकरंजीत आठ माग होते. शेडमध्ये खटखटाट असा, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येऊ नये. तिथे सगळेच हातांनी बोलतात. सूत तुटलं, ताण्याचा बीम संपला, चहा आलाय, मालक आलाय, या सगळ्याला खुणा ठरलेल्या. त्यामुळे आपलं पोरगं ऐकत नाही हे ध्यानात यायलाच आईबापाला तीन वर्षं लागली. मग तपासण्या झाल्या. कानापासून मेंदूकडे जाणारी नसच त्याला जन्मतः नव्हती. यंत्र बसवून उपयोग नव्हता, कारण यंत्राने आवाज पकडला तरी तो पुढे नेणार कोण?

त्याला तालुक्याच्या एका बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. हात हलवायची सवय लागली तर मूल बोलायला शिकत नाही, असा तिथल्या लोकांचा ठाम समज होता. हात बाकावर ठेवायचे आणि बाईंच्या ओठांकडे बघायचं. चार वर्षं ओठ बघून प्रथमेश एक ‘प’ म्हणायला शिकून परत आला, आणि वडिलांनी त्याला मागावर उभा केला. तिथे तो रमला.

म्हणून भाषा अशी त्याला नव्हतीच. होत्या त्या घरातल्या खुणा, आणि त्यातल्या बहुतेक त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या असलेल्या वृषालीने आणि त्याने मिळून लहानपणी बनवलेल्या. वेणी ओढल्यासारखं केलं की वृषाली. मिशीला पीळ दिला की बाबा. पोटावर हात म्हणजे भूक. पण ‘उद्या’ला खूण नव्हती. ‘का’ला नव्हती. ‘जर’ आणि ‘तर’ यांचा तर प्रश्नच नव्हता. एव्हाना बाजारात खुणा बघून त्या आवाजात सांगणारे चष्मे आले होते, स्वस्तही झाले होते. वृषालीने हौसेनं एक आणला. तो प्रथमेशकडे बघून गप्पच राहिला. भाषांतर करायला आधी भाषा लागते.

वृषाली एका कापड कंपनीत विणीची रचना करायची. अंगाच्या उष्णतेप्रमाणे छिद्रं उघडणारं, मिटणारं कापड तिच्या संगणकावर जन्माला यायचं. कोइंबतूरच्या नव्या कारखान्याची जबाबदारी तिला दोनदा देऊ केली होती आणि दोन्ही वेळा तिने नकार दिला होता. वडील गेलेले, आई थकलेली. प्रथमेशचं मन कळणारं माणूस जगात एकच, आणि ते आपण, हे ती धरून चालली होती.

मिरजेच्या मेंदू संशोधन केंद्राची बातमी तिने वाचली आणि ती डॉ. हेमांगी नाडगौडांना भेटायला गेली.

“लहान मुलाला भाषा शिकवावी लागत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “कानावर पडली की ते उचलतं. डोळ्यांवर पडली तरी उचलतं. बहिऱ्या आईबापांची मुलं हातांनी बोबडं बोलतात, बघितलंय कधी? मेंदूतल्या भाषेच्या जागेला तोंड काय आणि हात काय, सारखंच. तिला फक्त भाषा हवी असते, आणि ती वेळेवर हवी असते.”

“वेळ गेली तर?”

“तिथल्या काही पेशींभोवती एक बारीक जाळी तयार होते. प्रथिनांची आणि साखरेची. लहानपणी ती विरळ असते, म्हणून नव्या जोडण्या भराभर होतात. वय वाढलं की ती घट्ट होते. शिकलेलं टिकावं म्हणून निसर्गानं केलेली सोय आहे ती. पण ज्यानं काही शिकलेलंच नाही, त्याच्याकडे रिकामी जागा तशीच घट्ट होऊन बसते.”

वृषाली एकदम म्हणाली, “म्हणजे खळ!”

“कसली खळ?”

“आमच्याकडे ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ लावतात, पिठाची कांजी. सूत कडक होतं, मागावर टिकतं. पण मग त्याला रंग चढत नाही. रंगवायचं असेल तर आधी खळ काढावी लागते.”

डॉक्टर हसल्या. “तीस वर्षं मी हे लोकांना समजावतेय आणि मला खळ कुणी सांगितली नाही! बरोब्बर. आम्ही खळ काढतो. डोक्यावर एक टोप घालायचा, त्यातून श्राव्यातीत लहरी नेमक्या जागी जातात. सोनोग्राफीत असतात त्याच जातीच्या. जाळी सैल होते आणि दोन-अडीच महिने सैल राहते. तेवढ्यात भाषा आत गेली तर गेली. नंतर ती पुन्हा घट्ट होते.”

“पण खळ काढलेलं सूत तुटतंही, डॉक्टर.”

नाडगौडांचं हसू मावळलं. “हो. तेच भय आहे. जे जुनं बसलेलं असतं तेही सैल होतं. तुमच्या दोघांच्या त्या खुणा आहेत ना, त्या पुसल्या जाऊ शकतात. आतापर्यंत सात जणांवर प्रयोग केला. पाच जणांना भाषा आली. दोघांना आली नाही, आणि होतं तेही पुष्कळसं गेलं.”

घरी आईने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. “नको गं बाई. हाय त्यात सुखी हाय त्यो. वेणीची खूण करतोय, मिशीची करतोय, तेवढं पुरे की मला.”

“आई, त्याला विचारायला हवं.”

“काय नि कसं इचारणार?”

हाच प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. ज्याला ‘प्रयोग’ म्हणजे काय ते सांगता येत नाही, त्याची संमती घेणार कशी? शेवटी त्यांनी एक केलं. वृषालीला सांगितलं, काही करू नका, फक्त त्याला घेऊन या.

केंद्रात मागच्या बाजूला एक दालन होतं. तिथे रोज दुपारी बहिरी माणसं जमायची आणि सांकेतिक भाषेत गप्पा मारायची. उपचार घेणाऱ्यांच्या अंगावर भाषा पडत राहावी म्हणून मुद्दाम. प्रथमेश दारात आला आणि खिळून राहिला. वीसेक माणसं, आणि सगळ्यांचे हात चाललेले. भुवया उडताहेत, गाल फुगताहेत, कुणी काहीतरी सांगितलं आणि सगळे एकदम हसले. प्रथमेशने वृषालीकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. ते का हसले ते त्याला कळलं नव्हतं, पण कळण्यासारखं काहीतरी आहे, एवढं मात्र त्याला कळलं होतं. निघायची वेळ झाली तेव्हा तो हलेना. वृषालीने दंड धरला तर त्याने चौकट घट्ट पकडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला टोप दाखवला. टोप घातलेल्या माणसाचं चित्र दाखवलं, मग तोच माणूस दालनात हात हलवताना दाखवला. मग दुसरं चित्र दाखवलं, टोप घातलेला माणूस एकटाच कोपऱ्यात बसलाय, हात मांडीवर. दोन्ही चित्रं समोर ठेवली. प्रथमेशने दोन्हीकडे खूप वेळ बघितलं. दुसऱ्या चित्रावर त्याचं बोट थांबलं, कपाळाला आठी पडली. मग त्याने टोप उचलला आणि आपल्या हातानेच डोक्यावर चढवला. जरा तिरकाच.

वृषालीने रजा टाकली आणि मिरजेत एक खोली घेतली. तिच्यासाठी टोप नव्हता. भाषा असलेल्या माणसाची खळ काढायची नाही, हा केंद्राचा नियम होता. तिने आपली घट्ट झालेली बोटं घेऊन, सगळ्यांसारखं घोकून घोकून शिकायचं.

शिकवायला इक्बाल मुजावर होते. पन्नाशीचा, जन्मतः बहिरा, भलताच मिश्कील माणूस. वृषालीशी ते सुरुवातीला तिच्या डोळ्यांवरच्या त्या चष्म्यातून बोलायचे. त्यांचे हात चालले की तिच्या कानात आवाज यायचा, “बाई, तुम्ही खुणा करता तेव्हा चेहरा बँकेतल्या खिडकीवर बसल्यासारखा का ठेवता? आमच्या भाषेचं अर्धं व्याकरण भुवयांत आहे. प्रश्न विचारताना ‘कुठे’, ‘कधी’ शेवटी यायला हवं, आणि तोंडावर दिसायला हवं.” मग एक दिवस त्यांनी तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून आपल्या खिशातच घातला. “याच्या नादाला लागलात तर जन्मात शिकणार नाही,” हे त्यांचं त्यातून ऐकू आलेलं शेवटचं वाक्य.

पहिले तीन आठवडे काहीच घडलं नाही. प्रथमेश दालनात बसायचा, बघायचा, समोरच्याने केलेली खूण पोपटासारखी परत करायचा. आणि मग एका संध्याकाळी जेवताना त्याला वृषालीचं लक्ष वेधायचं होतं. त्याचा हात मानेपाशी गेला आणि तिथेच थांबला. वेणीची खूण त्याला आठवेना. तो आपल्या हाताकडे बघत बसला, जणू दुसऱ्याच कुणाचा हात.

वृषालीने घास ताटात ठेवला. तिने स्वतःच वेणी ओढून दाखवली. त्याने तीही खूण पोपटासारखी परत केली.

“जुनं जातंय,” सकाळी ती डॉक्टरांना म्हणाली. “आणि नवं काही येत नाहीये. त्या दोघांसारखंच होतंय का हो?”

“खरं सांगू? मला माहीत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दालनात जा. तिथून हलू नका.”

त्याच दुपारी ते घडलं. दालनात पद्मजा नावाची एक मुलगी रोज यायची, तिचं सांकेतिक नाव गालावरच्या खळीवरून पडलेलं होतं. बहिऱ्यांच्या जगात अशी नावं एकमेकांना दिली जातात. त्या दिवशी ती आली नव्हती. इक्बाल सरांनी सहज कुणालातरी विचारलं, पद्मजा कुठे? बोट गालावर टेकवलं, भुवया आक्रसल्या.

प्रथमेशने तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग सरांच्या बोटाकडे. मग दाराकडे. त्याने आपलं बोट हळूच गालावर टेकवलं. पुन्हा दाराकडे बघितलं. जी इथे नाही, ती या बोटात आहे!

त्याचा श्वास जोरात चालू झाला. त्याने शेजारच्या माणसाच्या छातीवर बोट ठेवलं आणि भुवया उडवल्या. त्या माणसाने आपलं नाव दाखवलं. पुढचा. त्याचं नाव. त्याच्या पुढचा. प्रथमेश दालनभर फिरला. टेबल, खिडकी, पंखा, चहा, एकेका वस्तूवर बोट ठेवून तो विचारत सुटला, आणि वीस माणसं वीस बाजूंनी उत्तरं देऊ लागली. वृषालीपाशी आल्यावर त्याने विचारलं तेव्हा तिने भुवईवर बोट टेकवलं. इक्बाल सरांनी तिचं हे नाव कधीच ठेवून टाकलं होतं. तिच्या हलत नसलेल्या भुवयांची थट्टा.

शेवटी तो खुर्चीत बसला, धापा टाकत, आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

सर त्याच्याकडे बघत राहिले. प्रथमेशला कुणाचंही कापड दिसलं की अंगठ्याने आणि तर्जनीने चोळून बघायची सवय होती. सरांनी हात गालाजवळ नेला आणि अंगठा तर्जनीवर चोळला. तू.

तेव्हा तो ताडकन उठला आणि चहा सांडला. दालनातल्या सगळ्यांनी हात वर करून पंजे हलवले. टाळ्यांचा बहिऱ्यांचा प्रकार. डॉ. नाडगौडा दारात उभ्या राहून रडत होत्या आणि एवढ्या जोरात टाळ्या वाजवत होत्या, की त्यांच्या टाळ्या कुणालाच ऐकू येत नाहीत हे त्या साफ विसरल्या होत्या.

त्यानंतर बांध फुटला. रोज नवे शब्द, आठवड्याने शब्दांना शब्द लागलेले. ‘काल’ कळलं, ‘उद्या’ कळलं. ‘उद्या’वर तो इतका खूश झाला, की चार दिवस प्रत्येक गोष्टीला उद्या लावत होता. उद्या ऊन. उद्या भात. उद्या मी. आई भेटायला आली तेव्हा त्याने तिला ऐटीत सांगितलं, आणि वृषालीने अर्थ लावून दिला, “आई, म्हणतोय, त्याला कारलं आवडत नाही.”

“आँ? एकतीस वरसं खातोय की!”

“म्हणतोय, नको कसं म्हणायचं ते माहीत नव्हतं.”

आई कपाळावर हात मारून घेत इतकी हसली, की तिला ठसका लागला.

आणि मग तो प्रश्न आला.

इचलकरंजीत असताना प्रथमेश रोज दुपारी एसटी स्टँडवर जाऊन बसायचा. त्याला गाड्या बघायला आवडतात, असं सगळे धरून चालले होते. एका दुपारी दालनात त्याने वृषालीला समोर बसवलं. त्याचे हात सावकाश चालले. बाबा. गाडीत चढले. मी बघितलं. मी रोज जातो. खूप वर्षं. गाड्या येतात. बाबा येणार, कधी?

 बारा वर्षांपूर्वी वडील सुताच्या कामाला सोलापूरला गेले आणि तिथेच हृदयविकाराने वारले होते. पंचगंगेला पूर आलेला, रस्ते बंद, देह आणता आला नाही. सगळं तिकडेच उरकलं. घरी आई रडली, फोटोला हार घातला. पण हार तर देवांच्या फोटोंनाही असतात. प्रथमेशने बघितलं होतं ते एवढंच, की बाबा एसटीत चढले.

तिने हात वर केले आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला ती खूणच येत नाही. इतके आठवडे शिकून ‘मेले’ शिकायची गरज पडली नव्हती. तिने वळून इक्बाल सरांना विचारलं. सर तिच्या शेजारी येऊन बसले आणि तिला तो शब्द शिकवला. तिने तो भावाला सांगितला. मग कुठे, केव्हा, पूर, रस्ता बंद, हेही सांगितलं. अडखळत, सरांना विचारत विचारत.

प्रथमेश भिंतीकडे तोंड करून बसला. दालनातल्या माणसांनी गप्पा थांबवल्या नाहीत, फक्त एकेकजण येऊन त्याच्याजवळ बसत गेला. संध्याकाळी तो उठला, तोंड धुतलं आणि वृषालीला विचारलं, बाबांना दुखलं का? त्यांनी माझं नाव घेतलं का? तू रडलीस? मग मी का नाही रडलो? तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं, माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली. बारा वर्षांचं दुःख होतं, पण आता ते दोघांचं होतं. त्यात तिला कसलंतरी विलक्षण बळ वाटलं. त्या रात्री तो गाढ झोपला.

अडीच महिन्यांनी जाळी घट्ट झाली तेव्हा आत भाषा बसलेली होती. आणि नाडगौडांच्या चाचणीत प्रथमेशने बेधडक थाप मारली, की इक्बाल सर रोज गुपचूप त्याची बिस्किटं खातात. डॉक्टर आनंदाने ओरडल्या, “खोटं बोलतोय! न घडलेलं सांगतोय! आता याला काही धाड भरत नाही!”

ते घरी आले. आणि आठवड्याभरात वृषालीला कंपनीचा फोन आला. कोइंबतूर, तिसऱ्यांदा. तिने उभ्या उभ्या नकार दिला. आईने ते ऐकलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या खुणांनी प्रथमेशला सांगून टाकलं.

तो शेडमधून तरातरा आला आणि तिला हाताला धरून मागांच्या मधोमध नेलं. आठही माग खटखटत होते.

तू जा, तो म्हणाला.

नाही. तुझ्याजवळ कोण?

मी लहान नाही.

तुला माहीत नाही जग कसं असतं.

त्याच्या भुवया आक्रसल्या. त्याचे हात असे सपासप चालायला लागले, की तिला अर्धंच कळेना. तू ठरवतेस. नेहमी तू. चष्मा तू, टोप तू. मला कधी विचारलं नाहीस.

“टोप तू घातलास!” ती तोंडानेच ओरडली. मग हातांनी, चुकत, पुन्हा. आधी विचारता येत नव्हतं! कसं विचारणार?

आता येतं. आता विचार.

पलीकडच्या कामगाराने माग बंद केला. त्याचं बघून दुसऱ्याने केला. एकेक करून सगळे माग थांबले आणि शेडमध्ये कधी नसते अशी शांतता पसरली. सगळे घोळका करून उभे, मधे भाऊबहीण, आणि नुसते हात आणि कपडे फडफडल्याचा आवाज.

“काय म्हणतोय गं त्यो?” मागोमाग शेडमध्ये आलेल्या आईने घाबरून विचारलं.

वृषाली सांगायला वळली आणि तिला हसू फुटलं. एकतीस वर्षांत ही दोघं कधी भांडली नव्हती. भांडायला काही नव्हतंच त्यांच्याकडे.

“भांडतोय, आई,” ती म्हणाली. “माझ्याशी भांडतोय!”

“मग तू बी भांड की,” आई म्हणाली. “गप का?”

वृषालीने हात वर केले. तिला सांगायचं होतं, की तू मोठा झालास हे मला कळतंय, पण तुला माझी गरज नसेल तर मी कोण, हे मला कळत नाही. एवढं मोठं वाक्य तिच्या बोटांना झेपेना. ‘गरज’ची खूण चुकली. तिने ती पुसल्यासारखी केली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडली.

प्रथमेशने हात खाली घेतले. राग तसाच होता तोंडावर, पण तो थांबला. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत तो तिच्या हातांवरून नजर न काढता उभा राहिला. ते कळल्यावर त्याने उत्तर दिलं, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं सुटं सुटं करून.

बहीण. लांब असली तरी बहीण.

वृषालीने डोळे पुसले. जाईन, ती म्हणाली. पण भांडण संपलेलं नाही.

रोज भांडू, तो म्हणाला. फोनच्या पडद्यावर. तुझा सराव होईल.